ग्यानबानं भरलेली हवा

एका माणसानं हवा भरायची आणि दुसऱ्यानं ती पाण्याखाली जाऊन ओढायची, हे आमच्या आसेगावात मी एकदाच पाहिलं. भरणारा होता ग्यानबा.

ग्यानबा माझा शेजारी. विहिरींचा खडक फोडायला गावोगाव जो कंप्रेसर फिरायचा, त्यावर तो कामाला. त्या आवाजानं कान अर्धे गेलेले, म्हणून घरात मीठ मागायचं तरी ओरडूनच मागायचा. त्याची बायको रंगूबाई म्हणायची, "आमच्या घरची भांडणं गावाले फुकट आयकू येतात." मशीनला कुंकू लावून, पुढे ऊद जाळल्याशिवाय हा गडी हँडलला हात लावत नसे.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात आमच्या तलावाचं कालव्यात पाणी सोडायचं दार अडकलं. पाण्याखाली बाभळीचं एक खोड त्यात रुतून बसलेलं. कालवा कोरडा आणि गहू ओंब्यांवर आलेला. ग्यानबाचा गहूही त्याच कालव्यावर. मग मुंबईकडून तांडेल नावाचे एक पाणबुडे आले. पाठीला बांधायचे हवेचे दोन सिलिंडर आणि ते भरायला डिझेलवरचा छोटा कंप्रेसर, दोघांनी उचलून न्यावा एवढा. दुसऱ्या दिवशी त्यांना दुसऱ्या धरणावर जायचं होतं. म्हणजे काय व्हायचं ते आजच.

मशीनवर अर्थातच ग्यानबाला बसवलं. तांडेल म्हणाले, "या नळीच्या तोंडातून हवा आत जाते. तिथं धूर आला, की तो माझ्या छातीत जाणार. तेवढं सांभाळा."

ग्यानबानं ते फारच मनावर घेतलं. नळी बांबूला बांधून वाऱ्याच्या अंगाला उंच केली, इंजिनाच्या धुरापासून पार लांब. चहाची चूल विझवली. लांब काठावर बघत बसलेल्या भाऊसिंगच्या तोंडातली बिडी हिसकून चिखलात फेकली.

"अबे, मी कुठं, तुही नळी कुठं!"

"वारा फिरला मंजे? साहेब तठी खाली मरन ना!"

सगळा बंदोबस्त झाला. तांडेल पाणी बघायला दाराकडे गेले. मग ग्यानबानं मशीनला कुंकू लावलं, नारळ फोडला, चूल विझवताना आठवणीनं बाजूला काढलेल्या निखाऱ्यांवर मूठभर ऊद टाकला, ते बरोबर बांबूच्या बुडाशी ठेवले आणि हँडल मारलं. आम्ही सगळ्यांनी हात जोडले. कोणाला काही वावगं वाटलंच नाही हो!

सिलिंडर भरले. पाण्यात उतरायच्या आधी तांडेलांनी तोटी जराशी उघडून नाक जवळ नेलं आणि थबकले.

"इथं जवळ देऊळ आहे का?"

ग्यानबा खूश. "ऊद हाये साहेब! त्याले धूर नाही मनत."

"पाहा!" भाऊसिंग ओरडला. "माही बिडी चिखलात, अन् याचं हवन नळीत!"

सगळे हसले, तांडेल सोडून. त्यांनी दोन्ही सिलिंडर मोकळे केले. हवा सुसाट बाहेर पडली आणि तलावाच्या काठी उदाचा वास दरवळला. ग्यानबाचं तोंड एवढंसं झालं.

"दुसऱ्याले बसवा साहेब."

"आता दुसऱ्याला कुठं शिकवत बसू? तुम्हीच भरा. तुमच्याच हवेवर उतरणार मी."

ग्यानबा पुन्हा बसला. रंगूबाई भाकरी घेऊन आली, तर तिला दुरूनच थांबवलं. "तठीच राह्य! भाजीले फोडणीचा वास हाये."

दिवस कलायच्या आत तांडेल उतरले. पाण्यावर बुडबुडे येत राहिले आणि ग्यानबा काठाशी उकिडवा बसून त्यांच्याकडे टक लावून बघत राहिला. बुडबुडे जरा लांबले की हाच श्वास धरायचा. खोडाला दोर बांधून तांडेल वर आले. बैलांनी खोड ओढून काढलं, दार वर उचललं गेलं आणि पाणी कालव्यात धावलं. सगळं गाव पाण्यामागे पळालं. ग्यानबा मात्र तांडेलांकडे.

"साहेब, हवा कशी होती?" नेहमीसारखाच ओरडून.

"कशाचाच वास नव्हता, ग्यानबा."

तेव्हापासून ऊद जळायचा तो मशीन बंद झाल्यावर. आणि पुढे कुठल्याही लग्नात, पंगतीत पाहुणा दिसला की ग्यानबा त्याला हे ऐकवायचा, "कशाचाच वास नव्हता मने!"

मग मागून रंगूबाई, "त्या साहेबाले का माहीत! याच्या अंगाले डिझेलचा वास किती येते, ते मले इचारा."