शेजारच्या सीटवरचे अध्यक्ष

आमच्या वॅगनवाल्यांच्या ग्रुपच्या अध्यक्षांना गाडी चालवता येत नव्हती. हे मी त्यांची चेष्टा करायला सांगत नाही, ते स्वतःच पहिल्या भेटीत सांगायचे. मस्कतमध्ये जुन्या जपानी वॅगन्स बाळगणारी आम्ही काही माणसं, थोडे भारतीय, बरेच ओमानी, शुक्रवारी सकाळी सीबच्या कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, जमायचो. गाड्या ओळीनं लावायच्या, बॉनेट उघडायची, करक चहा प्यायचा आणि एकमेकांच्या गाडीत डोकं घालून गप्पा मारायच्या, एवढाच कार्यक्रम. अध्यक्षांचीही वॅगन असायची, निळी आणि आमच्या सगळ्यांपेक्षा स्वच्छ. फक्त ती चालवत आणायच्या त्यांच्या पत्नी, आमच्या काकू. गाडी लावली की काकू घडीची खुर्ची उघडून सावलीत बसायच्या आणि शाळेतल्या मुलांचे गणिताचे पेपर तपासायच्या. अध्यक्ष उतरून नव्या माणसाचा हात हातात घेत आणि म्हणत, "मला लायसन्स नाही. पण आवड आहे. आवडीला लायसन्स लागत नाही."

त्यांना निवडून वगैरे कुणी दिलं नव्हतं. ग्रुप सुरू केला सालिम नावाच्या ओमानी इंजिनिअरनं. अध्यक्ष कोण, असं एकदा कुणीतरी गमतीनं विचारलं, तर सालिमनं त्याच्या झकास मस्कती हिंदीत निकाल दिला. "बाकी सब आदमी अपना गाडी दिखाने आता है. ये आदमी दूसरे का गाडी देखने आता है. खलास, ये प्रेसिडेंट." त्या दिवसापासून त्यांचं खरं नाव मागे पडलं. काकूसुद्धा फोनवर "अध्यक्ष अंघोळीला गेलेत" असं सांगू लागल्या.

माझी त्यांची ओळख झाली ती माझी गाडी घेताना. आम्ही राहतो माबेलाला, ऑफिस रुवीला, म्हणजे रोजचं जाणं-येणं हाच अर्धा संसार. त्यात पुण्याहून आई-बाबा तीन महिने राहायला येणार होते आणि आमच्या छोट्या गाडीत दोन मुलं बसली की आजी-आजोबांना टपावर बसवावं लागलं असतं. ऑफिसातल्या एकानं माबेलाच्या सनायात, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीत, एक वॅगन विकायला असल्याचं सांगितलं आणि वर सल्ला दिला, "त्या वॅगनवाल्या अध्यक्षांना घेऊन जा." गाडीची वंशावळ मोठी होती. जन्म जपानचा, तरुणपण अमेरिकेत गेलेलं, तिथून जहाजानं सोहार बंदरात उतरलेली. मी बॉनेट उघडून आपल्याला बरंच कळतं अशा चेहऱ्यानं आत बघत उभा राहिलो. अध्यक्ष तिकडे फिरकलेही नाहीत. ते सरळ मागे गेले, डिकीचं दार उघडलं, सीट आडव्या केल्या, बूट काढून शेजारी शेजारी नीट ठेवले आणि आत जाऊन उताणे झोपले.

"जोशी, दार लावा," आतून आवाज आला.

मी दार लावलं. विकणारा बलोची माझ्याकडे बघू लागला, मी आकाशाकडे बघू लागलो. थोड्या वेळानं काचेवर टकटक झाली. बाहेर येऊन बूट चढवता चढवता अध्यक्ष म्हणाले, "घ्या. एसी मागेपर्यंत पोचतो. खिडकी खालपर्यंत आहे, आईंना बसल्या जागी बाहेरचं दिसेल. इंजिनाचं मला विचारू नका, ते सालिमला विचारा. लोक गाडी पुढून बघतात हो, आणि घरची माणसं बसतात मागे." सालिमनं इंजिन तपासून होकार दिला आणि मी गाडी घेतली. आईला बसल्या जागी बाहेरचं दिसलं. ती तीन महिने खिडकी सोडायला तयार नव्हती.

गाडी अमेरिकेतून आलेली, त्यामुळे स्पीडोमीटर मैलांचा. ओमानात कोपऱ्याकोपऱ्यावर रडार बसलेले आणि माझा पाय मुळातच जड. पहिल्या आठवड्यात अध्यक्ष आपणहून माझ्या शेजारी बसून आले. "साठ म्हणजे सत्याण्णव, चालेल. सत्तर म्हणजे एकशे बारा-तेरा. पंचाहत्तर झाले जोशी, पाय उचला, पुढे रडार आहे." आवाज कधी चढला नाही. एका टाइल्सच्या कंपनीचं स्टोअर सांभाळण्यात त्यांची उमर गेली होती, फुटणाऱ्या मालाशी बोलायची सवय असावी.

शेजारी बसणं हे त्यांच्या मते काम होतं, आराम नव्हे. संत्रं सोलून, शिरा काढून एकेक फोड चालवणाऱ्याच्या हातात ठेवायची. बाटलीचं झाकण आधी उघडून मग बाटली पुढे करायची. ऊन ज्या बाजूनं येईल ती पट्टी खाली ओढायची. फोनवर बोलायचं नाही आणि झोपायचं तर मुळीच नाही. "चालवणारा एकटा पडता कामा नये," ते म्हणत. हे मी घरी येऊन बायकोला मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, "मग अध्यक्षांनाच ने शेजारी." तिचं चुकलं नव्हतं, कारण ती शेजारी असताना मी संत्र्याची एक फोडही कधी मागितली नव्हती, फक्त "झोपलीस का?" एवढंच विचारत आलो होतो.

लायसन्ससाठी त्यांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. इथे पिंपांच्या मधून गाडी उलटी घ्यायची परीक्षा असते, तिला ड्रम टेस्ट म्हणतात, आणि भलेभले तिथे आडवे होतात. अध्यक्ष ती चटकन पास झाले. "पिंपांना घाई नसते ना," असं त्यांचं म्हणणं. घोडं अडायचं ते रस्त्यावरच्या परीक्षेत, आणि तेही नेमकं गोल चौकात. डावीकडून लांबवर एखादी गाडी दिसली की अध्यक्ष थांबत. ती गेली की दुसरी दिसे. मागच्यांचे हॉर्न वाजत. एकदाची हकीकत ते स्वतःच हसत हसत सांगत. "परीक्षा घेणारा शुर्ता, म्हणजे पोलीस, शेजारी बसलेला. म्हणाला, यल्ला, चल. मी म्हटलं, हा पाण्याचा टँकर जाऊ दे. टँकर गेला. म्हणाला, यल्ला यल्ला! मी म्हटलं, एवढी बकऱ्यांची गाडी जाऊ दे. मग त्यानं मला उतरवलं आणि स्वतः चालवत नेली."

मी उतावळा माणूस. मला त्यांचा राग यायचा. "अहो अध्यक्ष, जागा मिळाली की घुसायचं, एवढंच असतं!" असं मी ओरडायचो आणि ते शांतपणे विचारायचे, "पण त्यांना घाई असेल तर?"

काकू मात्र पहिल्याच फटक्यात पास झालेल्या. अल अमेरातच्या घरापासून शाळेपर्यंत, शाळेपासून बाजारापर्यंत सगळं चालवणं त्यांचं. शिवाय कंपनीच्या सूरच्या शाखेतला माल बघायला अध्यक्षांना महिन्यातल्या एका शनिवारी जावं लागे, तेव्हाही चालवायला काकूच. अमेरात सोडलं की डोंगर, मग कुरियात, आणि तिथून सूरपर्यंत रस्ता समुद्राच्या कडेकडेनं जातो. एका शुक्रवारी मी त्या रस्त्याचं तोंड भरून कौतुक करत होतो. पेपरातून मान वर न करता काकू म्हणाल्या, "असेल बाई. मी रस्ताच पाहिलाय. समुद्र नाही पाहिला."

आम्ही हसलो. "काकू, थांबून बघायचा की!"

"थांबतोय कोण? जाताना ह्यांना दुकान गाठायचं, येताना मला उजेडात घर. आणि थांबून बघितलेला वेगळा रे. आमची मुलगी लहान होती तेव्हा मागून ओरडायची, आई ते बघ, आई ते बघ! मी म्हणायचे, हो हो, बघितलं. कुठलं बघतेय! डोळे ट्रकवर." त्यांनी पुढचा पेपर घेतला. त्यांच्या बोलण्यात तक्रार अजिबात नव्हती.

अध्यक्ष हसले नाहीत. चहाचे रिकामे कप गोळा करायच्या निमित्तानं ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "ऐकलंत ना? मुलगी आता कॅनडात गेली. आमचंही इथलं फार राहिलेलं नाही. जायच्या आधी एकदा मी हिला सूरहून घेऊन येणार. मी चालवणार. येताना समुद्र उजवीकडे असतो, ही उजवीकडे बसेल." त्या दिवसानंतर त्यांनी पुन्हा शिकवणी लावली. ऑफिस सुटल्यावर त्या शिकवायच्या गाडीत घामाघूम होऊन गोल चौकांना प्रदक्षिणा घालताना मी त्यांना पाहिलंय. हा माणूस आता पास व्हायलाच हवा, असं मला मनापासून वाटू लागलं.

कंपनीनं निवृत्तीचं पत्र दिलं, व्हिसा रद्द व्हायचा दिवस ठरला, सामान बांधायला घेतलं आणि परीक्षेची शेवटची तारीख मिळाली. त्या सकाळी ग्रुपवर सगळ्यांनी शुभेच्छांचा पाऊस पाडला. सालिमनं लिहिलं, इन्शाल्ला, प्रेसिडेंट आज ड्रायव्हर. दुपारी त्यांचा फोन आला.

"नापास," ते म्हणाले.

"आज काय होतं? टँकर की बकऱ्या?"

"नाही हो. समोरून दुसऱ्या परीक्षार्थीची गाडी येत होती. बिचारा घाबरलेला दिसला. माझ्यामुळे त्याची परीक्षा बिघडू नये म्हणून थांबलो." मग ते पुढे म्हणाले, "तो पास झाला."

मी फोनवर त्यांना वाट्टेल ते बोललो. आज तरी, निदान आज तरी स्वतःचं बघायचं होतं, असं काय काय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. काकू काय म्हणाल्या, असं विचारलं तर म्हणाले, "म्हणाली, चला घरी, कणीक भिजवून ठेवलीय."

विमानतळावरचा निरोप मला धड आठवत नाही. बॅगांचं वजन आणि सालिमनं दिलेला हलव्याचा डबा कशात कोंबायचा, यातच वेळ गेला. हल्ली गोल चौकात एखादी गाडी मी जाऊ देतो आणि मागचा हॉर्न वाजवतो तेव्हा अध्यक्षांची आठवण येते, हे मात्र खरं. पण मनात घर करून राहिलाय तो त्याआधीचा शनिवार.

परीक्षेनंतर दोन-तीन दिवसांनी त्यांनी विचारलं होतं, "जोशी, शनिवारी मोकळे आहात का? सूरला निरोप घ्यायला जायचंय. या आमच्याबरोबर." जाताना नेहमीसारख्या काकूच चालवत होत्या, अध्यक्ष शेजारी, मी मागे. सूरला दुकानातल्या माणसांनी खजूर दिले, गळाभेटी झाल्या. परत निघताना काकू सवयीनं किल्ली घेऊन डावीकडच्या दाराशी गेल्या. अध्यक्षांनी किल्ली त्यांच्या हातातून काढून घेतली आणि माझ्या हातात ठेवली. मग उजवीकडचं पुढचं दार उघडून उभे राहिले.

"अहो, मग तुम्ही कुठे बसणार?" काकूंनी विचारलं.

"मागे."

"मागे तुम्हाला मळमळतं."

"मळमळू दे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जोशी, मी उगाच त्या लायसन्सच्या मागे लागलो. हिला माझं चालवणं नकोच होतं. हिला ही सीट हवी होती, आणि ती इतकी वर्षं माझ्याच बुडाखाली होती."

"अहो, काय हे बोलणं!" काकू म्हणाल्या, पण बसल्या.

सुरुवातीला त्यांना बसताच येईना. "डावीकडून ट्रक येतोय रे", "आरशात बघ", असं चाललेलं. उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. मागून अध्यक्ष हळूच म्हणत, "अगं, तिकडे नको. उजवीकडे." कल्हात गाव गेलं आणि काकूंची मान एकदाची वळली. दुपारचं ऊन पाण्यावर होतं, दूर मासेमारीच्या होड्या होत्या. मी आरशात बघितलं. अध्यक्ष घामेजले होते, चेहरा उतरला होता, आणि ते समुद्राकडे बघतच नव्हते, काकूंकडे बघत होते.

तिवी मागे पडलं. खाली पांढऱ्या वाळूचा लांबलचक पट्टा दिसू लागला. इतकी वर्षं दर महिन्याला दोनदा त्याच्या अंगावरून गेलेल्या काकू काचेला बोट टेकवून म्हणाल्या,

"अहो, हा पांढरा किनारा नवीन केला का?"

"हो," मागून अध्यक्ष म्हणाले. "आजच केला."