मचूळ पाण्याचा चहा

दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की मी आधी दोन गोष्टी विचारते. दूध कुणाचं आणि पाणी कुठलं. माणसं किती, कडक लागतो की साधा, हे नंतर. रत्नागिरीत दर दोन वाड्यांमागे पाण्याची चव बदलते. सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या विहिरींचं पाणी हलकं, त्यात पत्ती लगेच सुटते. खाडीकाठच्या विहिरी एप्रिल संपता संपता मचूळ होतात. त्या पाण्यात साधी पत्ती टाकली तर नुसतं लाल पाणी होतं, खारट. म्हणून खाडीकडच्यांना मिश्रण वेगळं: दाणेदार ममरी कमी, बारीक भुकटीची डस्ट जास्त आणि वर थोडी डोंगरातली पत्ती. सुटा चहा विकणाऱ्याला पाकीटवाल्यापेक्षा एवढंच जास्त कळतं. एवढ्यावरच आम्ही नवरा-बायकोने हे दुकान चालवलं.

आमचा खरा धंदा मे महिन्यातला, आगोटीचा. पावसाच्या चार महिन्यांसाठी लोक मीठ-मिरची, सुकी मासळी भरून ठेवतात, तसाच चहाही भरतात. मे चुकला की वर्ष चुकलं. अलीकडे ही खरेदी मोठ्या दुकानांतल्या पाकिटांकडे गेली होती. माल आम्हाला कोल्हापूरच्या एका ठोक व्यापाऱ्याकडून येतो. त्याने यंदा शिमग्यानंतरच स्पष्ट सांगितलं, की पाच पोती असतील तरच टेम्पो घाट उतरून पालीच्या पुढे रत्नागिरीला पाठवीन, त्याहून कमी मला परवडत नाही. मे संपताना फोन करतो, तेव्हा आकडा सांगा.

मी मांडणी केली. ओळखीची सगळी घरं धरून तीन पोती जेमतेम होत होती. उरलेली दोन एकाच बाईवर होती.

ती खाडीकाठच्या वाडीतली. सत्तरी ओलांडलेली, जन्मभर मासळी विकलेली. वाडीतल्या सगळ्या घरांची पत्ती तीच नेत असे. बाकीच्या बायकांना आमचं दुकान कुठे आहे हेही माहीत नव्हतं. दरवर्षी मे लागला की टोपली रिकामी करून ती यायची आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्यापुढे ठेवायची. यंदा विहिरीने मीठ लवकर खाल्लं की उशिरा, ते सांगायची. मी त्याच पाण्याचा चहा करायचा, तिने प्यायचा, मग मिश्रण ठरायचं. गेल्या वर्षी पहिला घोट घेतल्यावर तिने कप खाली ठेवला आणि वजन करत बसलेल्या माझ्या नवऱ्याकडे बघितलं.

"रंग हाय, पण जोर नाय गो," ती म्हणाली. "तुझ्या घोवासारखा."

नवरा हसला आणि मूठभर डस्ट वाढवली. दुसऱ्या कपाला तिने मान हलवली. निघताना म्हणाली, "मी हाय तवर ह्यो दुकान बंद नाय करायचा. माझी आगोट कोण भरील?"

यंदा मे अर्धा झाला तरी ती आली नाही. गुडघ्यांनी घात केला असेल, असं मी धरून चालले. तिचं मिश्रण मात्र मी करून ठेवलं, कारण त्याला दोन दिवस मुरायला लागतात. मग एका सकाळी तिचा मुलगा आला. मुंबईला नोकरी करणारा, पस्तिशीचा. केस काढलेले बघून मला कळलं.

"आई गेली, काकी," तो म्हणाला. "माणसं भेटायला येतायत. तेराव्यापर्यंत पुरेल एवढा चहा द्या. तिचा नेहमीचाच."

त्याने बाटली आणली नव्हती. असल्या वेळी कोण आणील? मला त्याची गरजही वाटली नाही. ती विहीर मी ओळखत होते. मेच्या शेवटी तिचं पाणी सगळ्यात खारट असतं, शिवाय सुतकाच्या घरात कोरा चहा, म्हणजे दुधाचा आधार नाही. तयार मिश्रणात मी आणखी थोडी डस्ट घातली आणि पिशव्या बांधून दिल्या. तो जाताना मी वाडीच्या आगोटीचं काही विचारलं नाही. ते बरं दिसलं नसतं.

दहाव्याच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेले. मुलगा मला बघून उठला, दोन शब्द बोलला आणि भटजींचा फोन आला म्हणून बाहेर गेला. मी पडवीत बायकांच्या रांगेत बसले. कुणीतरी कप आणून दिला. एका घोटातच माझी जीभ आक्रसली. कडू, नुसता काढा. माझाच चहा होता, पण हे पाणी त्या विहिरीचं नव्हतं.

मी मान वळवली तेव्हा भिंतीला लागून ओळीने ठेवलेले पाण्याचे निळे जार दिसले. परसातली विहीर झावळ्यांनी झाकलेली होती. रहाटाचा दोरसुद्धा काढून ठेवला होता. मी शेजारणीला हळूच विचारलं, विहीर बंद का. तिने सांगितलं, यंदा होळीपासून जारची गाडी वाडीत येते, आता विहिरीवर कोण जातो? म्हातारी तेवढी ओढायची, तीही पडून राहिल्यावर सुटलं.

समोर बसलेल्या सगळ्या तोच चहा पीत होत्या. सुतकाच्या घरातल्या चहाला कुणी नावं ठेवत नाही. आठ दिवस अख्खी वाडी, पाहुणे, सगेसोयरे तो कडू काढा मुकाट गिळत आले होते. मला कुणी कसं कळवणार?

शेजारीण तिच्या पलीकडच्या बाईच्या कानाशी लागली, पण मला सगळं ऐकू येत होतं. मी कोण हे दोघींनाही माहीत नव्हतं.

"तिच्याच त्या दुकानातली पत्ती हाय. म्हातारी गेली आणि पत्तीन पन दम सोडलान."

"दम कसला, कडूजहर. ती असती तर दुकानात जाऊन तोंडावर मारली असतान. यंदा आगोटीला पाकिटंच घेऊ."

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. पत्ती वाईट नाही, पाणी बदललं, जारच्या पाण्याला मी वेगळी देईन, उद्या येऊन सगळ्यांना करून दाखवीन. पण आत तिच्या फोटोपुढे दिवा होता आणि मी तिथे चहा विकायला गेले नव्हते. मी कप संपवला. उठताना येते म्हणायचं नसतं, म्हणून काही न बोलता निघाले.

तेरावं झाल्यावर जाऊन समजावता आलं असतं, असं नवरा म्हणाला. मीही रस्ताभर तेच ठरवत आले होते: कुणाकडे आधी जायचं, काय बोलायचं, नमुन्याच्या पुड्या किती बांधायच्या. पण एक गोष्ट त्या मांडणीत बसेना. जारचं पाणी सगळीकडे एकच असतं. सड्यावर तेच, खाडीवर तेच. त्यात पाकिटातली पत्तीही व्यवस्थित सुटते. मला जे येतं, त्याचं तिथे काही काम उरलं नव्हतं. मी वाडीत गेले नाही.

मुलगा घराला कुलूप लावून मुंबईला गेल्याचं बाजारात कळलं. त्याच आठवड्यात कोल्हापूरहून फोन आला.

"वैनी, किती पोती टाकू?"

"तीन होतात," मी म्हणाले.

तो म्हणाला, "तीनला टेम्पो निघत नाही, वैनी. तुम्हाला सांगितलं होतं."

"हो. मग टाकू नका."

ज्या घरांचे आगोटीचे आगाऊ निरोप होते त्यांना मी त्याच दिवशी कळवलं. शिल्लक माल त्यांच्यात वाटून दिला. दुकानाच्या मालकाला पावसाळ्यानंतर गाळा सोडतो म्हणून सांगितलं. मोठे डबे पुसून उन्हात ठेवले. एका डब्याच्या तळाशी खाडीचं मिश्रण राहिलं होतं, ते कुणाला देण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी दुकानातल्या स्टोव्हवर त्यातलाच चहा टाकला, नळाच्या पाण्याचा, कोरा. दूध आणायला उठावंसं वाटलं नाही.

नवऱ्यापुढे कप ठेवला. एरवी तो पहिल्या घोटाला काहीतरी बोलतोच, पाणी जास्त झालं, आलं कमी पडलं. त्याने पूर्ण कप संपवला, खाली ठेवला आणि चहाबद्दल एक शब्द काढला नाही.