एका वेळी एकच दार

तुरुंगातले किस्से सर्वांत जास्त साचतात ते दाराशी, कारण तिथे प्रत्येकाला थांबावेच लागते. साठ सालाच्या सुमारास ह्यांची बदली जयपूरला झाली आणि मी तिथल्या एका तुरुंगात स्त्री-कैद्यांना लिहा-वाचायला शिकवू लागले. आत जायला लागोपाठ दोन दारे; मधल्या अंधाऱ्या जागेला ‘ड्योढी’ म्हणत. एक दार पक्के बंद झाल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही, हा नियम. तो राखायला भंवरसिंहजी हे वृद्ध गेटकीपर होते. त्यांनी देवालाही सवलत दिली नसती!

*

एक मंत्री लवाजम्यासह पाहणीला आले. ड्योढीत निम्मेच मावले. उरलेल्यांना भंवरसिंहजींनी बाहेरच अडवले. मंत्री कडाडले, “जानते हो, मैं कौन हूँ?”

राजस्थानी अदबीने उत्तर आले, “अंदर जाने वाला हर आदमी यही पूछता है, हुकम!”

*

ऐन मे महिन्यात बाहेरचे कुलूप अर्धवट फिरून अडकले. दार पक्के बंद झाले असे म्हणता येईना, म्हणून आतलेही उघडेना. मध्ये खुद्द सुपरिंटेंडेंट! लोहाराची वाट पाहत ते घामाने निथळत असताना आतल्या बंद दारापलीकडे एक जन्मठेपेचा कैदी आला. अत्यंत अदबीने त्याने विचारले, “साहब, आपको कितनी हुई?”

*

बाहेर पडणाऱ्या कैद्याचे नाव पुकारायचे आणि त्याने ओ द्यायची, अशी पद्धत होती. एकदा आजाराने गेलेल्या कैद्याचे प्रेत ड्योढीत आणले. भंवरसिंहजींनी नाव पुकारले आणि ते थांबले. तरुण शिपाई हसला, “बाबा, ये अब क्या बोलेगा!”

“जिंदा था तब भी कम ही बोलता था,” म्हणत त्यांनी पुन्हा पुकारले.

*

केसर जन्मठेपेची कैदी. तिची मुन्नी तुरुंगातच जन्मली, तिथेच बोलू-चालू लागली. मुलाला आईजवळ ठेवण्याची मुदत संपली, तेव्हा आमेरहून आजी तिला न्यायला आली. केसरची विनंती एवढीच, की मुलगी आजीच्या हातात जाताना तिला पाहू द्यावे. त्यासाठी दोन्ही दारे क्षणभर उघडी हवी होती. मी तर्कशास्त्र शिकलेली. नियमाला अपवाद असतो, असे मी भंवरसिंहजींना सुनावले.

“अपवाद में से ही तो लोग भागते हैं, बहनजी!”

केसर आतच राहिली. तिच्यामागचे नव्हे, तिच्यासमोरचे दार लागले. मग बाहेरचे उघडले आणि मी मुन्नीला हाताला धरून उन्हात आणले. आजीने तिला घ्यायला हात पसरले.

मुन्नी मागे वळली. दोन्ही हातांनी रेटून तिने ते लोखंडी दार स्वतःच लावले आणि फटीशी तोंड नेऊन ओरडली,

“भंवर बाबा, ये बंद हो गया! अब माँ वाला खोलो!”