तीस हजार एकतीस

नाचणगावचे नानाजी गुरुजी १९७८ साली निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या नावावर एकही पुरस्कार नव्हता. पुरस्कार पुढंपुढं करणाऱ्यांनाच मिळतात, असं ते म्हणत. पण हा काटा त्यांना किती सलतो, ते साऱ्या गावाला ठाऊक होतं.

मग रिकामपणात त्यांना एक नियम सापडला. दोन, तीन, पाच अशा ज्या संख्यांना दुसऱ्या कशानं भाग जात नाही, त्या मूळ संख्या. त्या ओळीनं गुणत जायच्या आणि शेवटी एक मिळवायचा. तीनपर्यंत गुणलं की सात, पाचपर्यंत एकतीस, सातपर्यंत दोनशे अकरा, अकरापर्यंत दोन हजार तीनशे अकरा. दर वेळी नवी मूळ संख्या! तेरापर्यंत गेलं की तीस हजार एकतीस. गुरुजींनी तीही तपासली, आपल्या नेहमीच्या रीतीनं, दोनापासून तिसापर्यंत एकेक पाढा लावून. शाळेत पाढे तिसापर्यंतच घोकायचे असतात. कशानंच भाग जाईना. झालं, नियम सिद्ध!

सरपंच महादेवराव गुरुजींचाच विद्यार्थी. गणितात जन्मभर काठावर पास, म्हणून त्याला नियम ताबडतोब पटला. सव्वीस जानेवारीला शाळेपुढं मांडव घालून शाल-नारळ द्यायचं ठरलं. गुरुजी आठवडाभर हवेत होते.

आदल्या दिवशी दुपारी ते बायकोला भाषण म्हणून दाखवत होते. वच्छलाबाई तुरीच्या शेंगा सोलत ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "तिसाच्या पुढं आकडे सरते का जी?"

"नाई सरत. काऊन?"

"मंग एकतिसाचा पाढा काऊन नाई लावून पाह्यला?"

"तुले काय समजते त्यातलं!" गुरुजी खेकसले, आणि पाटी घेऊन बसले. एकतिसानं भाग गेला नाही, सदतिसानं नाही, त्रेपन्नानंही नाही. एकोणसाठाला बाकी शून्य आली. एकोणसाठ गुणिले पाचशे नऊ. पुन्हा करून पाहिलं, तरी तेच. गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. गप्प राहिले असते तर गावात कुणाला कळणार होतं? शाल घरी आली असती. संध्याकाळी ते ताटावरून तसेच उठले.

सकाळी झेंडावंदन झालं आणि सरपंचानं शाल उलगडली. गुरुजींनी त्याचा हात धरला आणि ते मोठ्यानं म्हणाले, "थांब. माहा नियम खोटा हाय. ह्या आकड्याले एकोणसाठानं भाग जाते. मी तिसापाशीच थांबलो, अन् पोट्ट्यायलेबी जन्मभर तिथंच थांबोलं. हे शाल मले नोको."

सरपंचानं हात सोडवून घेतला. मग म्हणाला, "गुरुजी, आता आणली शाल वापस थोडीच न्यायची हाय?" आणि त्यानं ती त्यांच्या खांद्यावर टाकली. लोकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. कुणी हसलं नाही, कुणी चिडलं नाही, कसा भाग जातो म्हणून कुणी विचारलंही नाही. नियम गेल्याचं दुःख गुरुजींनी रात्रीच गिळलं होतं. पण एवढ्या गावात, आपणच शिकवलेल्या एवढ्या माणसांत, एकही जण भांडायला उठला नाही, हे पाहून त्यांना भर मांडवात रडू आलं.