साल नसलेला टोमॅटो: ठाणे ते मानपाडा, व्हाया विठ्ठलवाडी

ठाण्याहून कल्याण-शीळ रोडवरच्या मानपाड्याला गेल्याचं प्रवासवर्णन कुणी लिहीत नाही, हे मला मान्य आहे. लोक लडाखला जातात, मी शीळफाट्याला गेले. पण लडाखहून परत आल्यावर कुणाला हो किंवा नाही असं उत्तर द्यावं लागत नाही. मला द्यायचं होतं.

प्रश्न आमच्या सईचा होता. सई माझी मुलगी, ऐरोलीला नोकरी करते आणि तिला प्रथमेशशी लग्न करायचंय. प्रथमेशचं मानपाड्याला, त्यांच्या वडिलोपार्जित जागेत, घराच्या पुढच्याच भागात छोटं हॉटेल आहे. थाई आणि चायनीज. त्याआधी तो दोन वर्षं थायलंडला एका हॉटेलच्या किचनमध्ये होता, असं तो सांगतो. ‘असं तो सांगतो’ हे शब्द माझे, सईचे नव्हेत. या सहलीच्या पुढच्या रविवारी त्याच्या घरचे आमच्याकडे बोलणी करायला यायचे होते. सई म्हणाली, "आई, तू नाही म्हणालीस तर मी भांडणार नाही. पण आधी एकदा त्याच्या हातचं जेवून ये. तो सगळं ताज्या टोमॅटोत करतो, बाटलीतला टोमॅटो सॉस हॉटेलात आणतच नाही."

इथेच माझे कान टवकारले. चायनीज आणि ताजा टोमॅटो? आपल्याकडच्या चायनीजचा लाल रंग कुठून येतो हे इकडच्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. जो माणूस टोमॅटोबद्दल थाप मारतो, तो आणखी कशाकशाबद्दल मारत असेल, असा माझा हिशेब. माझा स्वभाव संशयी आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही. एवढ्या वर्षांत मला कुणी शिळा पाव विकू शकलेलं नाही.

टोमॅटो ताजा की बाटलीतला, हे ओळखायची माझी एक खूण आहे. तुम्हालाही उपयोगी पडेल. ताजा टोमॅटो शिजला की साल सुटते आणि वळून बारीक काडीसारखी होते. बाटलीतल्या सॉसला साल कुठली असणार? मला स्वतःला ती साल मुळीच चालत नाही, घशाला चिकटते. घरी सार असो की भाजी, मी साली वेचून ताटाच्या कडेला लावत जाते आणि नवरा दरवेळी विचारतो, "तोरण पूर्ण झालं का?" पण या सहलीत मी साल शोधत होते.

सुरुवात शनिवारी संध्याकाळी ठाण्यातच केली. घोडबंदर रोडला एका चकचकीत मॉलमध्ये थाई रेस्टॉरंट आहे. तिथे टॉम यम, म्हणजे थाई आंबट-तिखट सूप मागवलं. एसी उत्तम, नॅपकिन कापडी, आणि एका वाटीच्या किमतीत आमच्या घरी आठवड्याची भाजी येते. सूप आलं लालभडक. ढवळलं, तळ बघितला, एकही साल नाही. वेटरला विचारलं, "यात टोमॅटो कुठाय?" तो म्हणाला, "मॅम, इट्स इन द बेस." बेस म्हणजे बरणी, हे मी समजून घेतलं.

रविवारी सकाळी लवकर निघालो. कुणी हा रस्ता करणार असेल तर नाश्ता करून निघा आणि नऊच्या आत मुंब्रा बायपास पार करा. नंतर कंटेनरच्या मागे लागलात की त्याच्या पाठीवर लिहिलेलं सगळं तोंडपाठ होतं. शीळफाट्याला डावीकडे वळलं की कल्याण-शीळ रोड, मेट्रोचं काम, धूळ, आणि दोन्ही बाजूंना उंच टॉवरच्या जाहिराती. त्या जाहिरातींतली झाडं प्रत्यक्षात कुठेच दिसत नाहीत, हेही मी नवऱ्याला दाखवून दिलं. सईला आम्ही फक्त ‘ब्लॉगसाठी कल्याणला चाललोय’ एवढंच सांगितलं होतं. मानपाडा आलं तसा नवरा गाडी हळू करायला लागला.

"थांबू नका, पुढे चला," मी म्हटलं.

"अगं, इथेच यायचं होतं ना?"

"आधी दुसरीकडचं खाऊ. तुलना करायला काहीतरी पाहिजे. आणि तिथे गेल्यावर आपण कोण ते सांगायचं नाही. साधं गिऱ्हाईक म्हणून बसायचं."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि गाडी पुढे घेतली. एवढ्या वर्षांत तोही शिकलाय.

आधी कल्याणच्या मंडईत एक फेरी मारली. तिथे गावठी टोमॅटो मिळतात, चपटे, खाचा पडलेले, आंबट. सूपाला हेच चांगले. ते गुळगुळीत लांबट टोमॅटो दिसायला बरे, पण त्यांना चव नसते. दोन किलो घेतले. मग विठ्ठलवाडी स्टेशनजवळ एक चायनीजची गाडी दुपारीच सुरू होते, तिथे उभ्या उभ्या टोमॅटो चिली नूडल्स खाल्ल्या. कढईखाली जाळ असा की माझ्या भुवयांची मला काळजी वाटली. चव झणझणीत, साल शून्य.

"दादा, टोमॅटो ताजा घालता का?" मी विचारलं.

गाडीवाला हसला. "काकी, खोटं कशाला बोलू? ताजा टाकला तर पाणी सुटतं, नूडल्सचा लगदा होतो. सॉस आहे, नि थोडा कलर. खायचं तर बिनधास्त खा, नाहीतर राहू द्या."

मला तो माणूस फार आवडला. त्याच्या बोलण्याने माझा संशय पक्का झाला. धंद्यातला माणूस स्वतःच म्हणतोय की ताज्या टोमॅटोत जमत नाही, मग आमचे भावी जावई कुठली जादू करतात?

मानपाड्याला पोचलो तेव्हा दुपार टळायला आली होती. रस्ता सोडून थोडं आत, एका बाजूला कंपन्यांच्या शेड, दुसऱ्या बाजूला जुनं गावठाण. हॉटेल म्हणजे घराच्या अंगणावर पत्रे टाकून मांडलेली सहा-सात टेबलं. कडेला गवती चहाचं दांडगं बेट, लिंबाचं झाड. स्वच्छता चांगली होती, हे लिहायलाच हवं. प्रथमेशला मी फोटोत पाहिलं होतं, म्हणून लगेच ओळखलं. त्याने आम्हाला ओळखलं असेल असं मला वाटलं नाही. पाणी ठेवलं, "काय आणू, काकू?" एवढंच विचारलं आणि आत गेला.

आम्ही टोमॅटो-अंडं, भात आणि थाई आंबट सूप सांगितलं. सूपात माशाचं पाणी घालू नको हेही बजावलं. आमच्याकडे अंडं चालतं, मासा नाही. "नाही घालत, मीठ आणि सोयाबीनचा सॉस घालतो," तो म्हणाला.

मग सुरू झालं वाट बघणं. चायनीज म्हणजे पाच मिनिटांचं काम, पण आमच्या नंतर आलेलं कुटुंब जेवायला लागलं तरी आमचं काही येईना. मी नवऱ्याला हळूच म्हटलं, "फ्रीजमधलं काढून गरम करत असणार." आतून भांड्यांचा आवाज येत होता, मध्येच एका बाईचा दबका आवाज, मध्येच प्रथमेशचा. दोघं कुजबुजत होते. काहीतरी लपवाछपवी नक्की होती.

शेवटी ताटं आली. खरं सांगते, वास चांगला होता. अंडं मऊ, लुसलुशीत, त्यावर दाट लाल रस, वर कांद्याची पात. सूपात गवती चहा, लिंबाची पानं, आणि आल्याच्या भावकीतलं कसलंसं मूळ. मी चमच्याने ढवळलं. पुन्हा ढवळलं. एकही साल नाही.

"बाटली," मी नवऱ्याला म्हटलं.

"पण चव तर..."

"चव घालता येते. साल घालता येत नाही."

तेवढ्यात नवऱ्याने मान वळवून बघितलं. "त्या पलीकडच्या टेबलवर बघ. त्यांच्या ताटात साली आहेत."

होत्या. लाल, वळलेल्या, अगदी माझ्या खुणेसारख्या. म्हणजे ओळखीच्यांना ताजं आणि परक्यांना बाटलीतलं. सईचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मला तिच्यासाठी वाईट वाटलं. मग रागच आला. प्रथमेश पाणी द्यायला आला तशी मी साधं गिऱ्हाईक आहे हे विसरून गेले.

"हा ताजा टोमॅटो नाही," मी म्हटलं. आवाज चढलाच होता. "लोकांना सांगायचं एक आणि खायला घालायचं दुसरं, असं कसं?"

त्याचा चेहरा पडला. "काकू, टोमॅटोच आहे."

"मग साल कुठाय?"

तो आत बघायला लागला. आतून एक बाई बाहेर आल्या, ठसठशीत कुंकू, नऊवारी नव्हे, साधी सुती साडी, हातात स्टीलची ताटली. ही त्याची आई, सुनंदाताई. ताटली त्यांनी माझ्यासमोर ठेवली. तिच्यात सालींचा ढीग होता, ओल्या, अजून कोमट.

"ही घ्या साल," त्या म्हणाल्या. "तुमची सई कवाच बोललेली मना, आईला साल चालत नाय, घशाला लागते, ताटाच्या कडेला लावून ठेवते. तुमाला दारात बघितलं, फोटोवरनं वळखलं नि पोरगा मना बोलला, आये, टोमॅटो सोलायला बस."

मी एक साल चिमटीत धरून बघितली. ताज्या टोमॅटोचीच होती.

"मग ओळखलं होतंत तर सांगायचं ना," नवरा म्हणाला.

"तुमी नाव नाय सांगलंत, मग आमी कसं सांगायचं?" सुनंदाताई म्हणाल्या. "बोललो, बाईंना गुपचूप बघायचंय तर बघू दे."

त्या रागावलेल्या नव्हत्या. त्या माझ्याकडे निरखून बघत होत्या, आणि ती नजर मला चांगलीच ओळखीची वाटली. मी पण घासाघीस करताना भाजीवाल्याकडे अशीच बघते. लाज वाटली. मी प्रथमेशला म्हटलं, "माझं चुकलं रे. मी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं." तो म्हणाला, "गार होतंय काकू, जेवा." मी जेवले. मंडईतले दोन किलो टोमॅटो गाडीतून काढून सुनंदाताईंना दिले. त्यांनी एकेक उलटून, देठाशी दाबून बघितला आणि मगच आत नेले.

कृती विचारून घेतली, ती तुमच्यासाठी. टोमॅटोला खालून फुलीसारखी चीर द्या, उकळत्या पाण्यात जरा ठेवा आणि लगेच गार पाण्यात टाका. साल हाताने सुटते. अंडी आधी तेलात हलकी परतून बाजूला काढा, पूर्ण शिजवू नका. त्याच कढईत लसूण, मग टोमॅटो, मीठ, चिमूटभर साखर. सुटलेलं पाणी मोठ्या आचेवर आटवा आणि दाट झालं की अंडी परत घाला. घाई केलीत तर पाणी राहतं, विठ्ठलवाडीच्या दादांचं म्हणणं तेवढं खरं आहे. हळद घालायचा मोह टाळा.

परत येताना शीळफाट्याला आम्ही ट्रॅफिकमध्ये अडकलो. नवरा एकदाही काही म्हणाला नाही, हे त्याचं मोठेपण. घरी सई दारातच उभी होती, प्रथमेशचा फोन तिला आधीच येऊन गेला होता. मी म्हटलं, "हो." ती गळ्यात पडली. थायलंडची दोन वर्षं मात्र मी अजून तपासणार आहे, तेही तिला सांगितलं.

हे लिहितेय तो दिवस पुढच्या रविवारचा. मानपाड्याची मंडळी निघाली आहेत, आत्ताच फोन आला. टोमॅटो-अंडं मी स्वतः केलंय, साली काढून. सकाळी सईला विचारलं होतं, "सुनंदाताईंना काय चालत नाही?" ती म्हणाली, "सगळं चालतं गं. फक्त कुणाच्याही घरी गेल्या की आधी स्वयंपाकघरात जाऊन बघतात, काय खरं, काय विकतचं."

म्हणून मी साली फेकलेल्या नाहीत. ताटलीत घालून ओट्यावर, दारातून दिसतील अशा ठेवल्या आहेत.