धावपट्टीवरचा जवळा

वडील गेल्यावर, पालघरजवळच्या जुन्या लष्करी धावपट्टीचा त्यांनी अर्धवट लिहिलेला इतिहास पूर्ण करायला मी त्यांचीच वही घेऊन गेलो. तिथे एक कोळीण वाळत घातलेला जवळा झाडूने परतत होती.

मी इतिहासकाराच्या आवाजात विचारलं, "मावशी, इथे कोणाकोणाची विमानं उतरली?"

"पयले इंग्रजांची, मंग आपल्या सरकारची. आता कावले उतरतात. मास्तर, आधी जवल्यावरून पाय काढा!"

मी ओशाळून सरकलो. वही पाहून तिचा झाडू थांबला.

"ही वही घेऊन एक म्हातारे यायचे. खाली ठेवायचे नि माझे कावले हाकलायचे. हल्ली दिसत नाय."

शेवटची पानं कोरी का, ते मला आत्ता कळलं.

"वडील माझे. गेले."

तिने कावळे हाकलायची काठी माझ्या हातात दिली. कावळ्यांनी मला मुळीच जुमानलं नाही.