नकाशावरची उंची

मी बिलोलीचा. लष्कराच्या इंजिनिअर्समधून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो, आता नांदेडला राहतो. अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर आमची लहान तुकडी होती. काम साधं: किनाऱ्यावरच्या स्टेशनवरून बर्फगाड्यांनी डिझेल आतल्या पठारावरच्या कॅम्पला पोचवायचं. सोबत नाईक शिवलिंग, मुरुडचा. मोहिमेसाठी त्याचं नाव मीच सुचवलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी हवामानाच्या मॅडम म्हणाल्या, "साहेब, वाटेत दोन दिवस मुक्काम करा. ध्रुवाकडची हवा गार, जड. ती खाली दबून बसते, वर लवकर विरळ होते. नकाशा उंची सांगतो, पण फुफ्फुसाला दाबच कळतो."

आधी सीमेवरच्या ग्लेशियरवर होतो, तिथं आमचा नियम होता, नऊ हजार फुटांखाली विरळ हवेची सवय करायला मुक्काम लागत नाही. नकाशावर कॅम्प त्याच्या किंचित खाली होता. मी म्हणालो, "मॅडम, आम्ही ग्लेशियरवाले. ही तर टेकडी."

शिवलिंग हसला. थांबलो नाही.

कॅम्पवर पोचलो तेव्हा तो खोकत होता.

"साहेब, दम लागून राहिला."

"मुरुडच्या उन्हात वाढलास. थंडी बाधली. चहा घे."

"चहानं भागंना, साहेब. बिर्याणी लागती."

सगळे हसले. तेव्हा परतलो असतो तर वाट उघडी होती.

पहाटे वारा सुटला. बॅरोमीटर उतरत चालला होता. कॅम्प जागचा हलला नव्हता, पण हवा आणखी विरळ झाली होती. शरीराच्या हिशेबानं आम्ही अजून वर चढलो होतो. शिवलिंगच्या तोंडाला गुलाबी फेस आला, फुफ्फुसात पाणी भरलं होतं. मी वायरलेस सेट उचलला.

"स्टेशन, पेशंट सीरियस. विमान पाठवा. ओव्हर."

"वाऱ्यात विमान नाही. खाली उतरवा. ओव्हर."

"गाडीचं नाकही दिसत नाही. ओव्हर."

"रॉजर. ऑक्सिजन चालू ठेवा."

वारा पडायच्या आधी ऑक्सिजन संपला. नंतर शिवलिंगही गेला.

रिपोर्टमध्ये कारण वादळ लिहिलं गेलं. मी सही केली.

यंदा उन्हाळ्यात मुरुडला गेलो. त्याच्या वडिलांना, आप्पांना, सगळं सांगितलं. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला होता, तो तसाच राहिला.

"म्हंजी वाऱ्यानं न्हाई गेला?"

"न्हाई, आप्पा. वाटेत थांबायला सांगितलं होतं. मी थांबलो नाही."

 ते आतल्या दाराकडं बघून म्हणाले, "त्याची माय इतकी वर्सं वाऱ्याला शिव्या घालून राहिली. आता तिला काय सांगू?"

"माझं नाव सांगा."

"तुमीच सांगा. आत हाय ती."

मी आत गेलो. सांगितलं. तिनं मला शिवी दिली नाही. एवढंच विचारलं, "शेवटाला काय बोललं लेकरू?"

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मास्क सरकवून त्यानं मला विचारलं होतं, "साहेब, आपन इतक्या वर कवा आलो?"

मी मास्क परत त्याच्या तोंडावर बसवला होता. तेही तिला सांगितलं.